होमस्कूलिंग, बायबल आणि टेक्सास: मुलाकडे बघायचं कोणी?

वैदेही_डॅलस

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. शेजारचं कुटुंब सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं आहे. पाच मुलं, एकही शाळेत जात नाही, आईच घरी शिकवते. माणसं फार चांगली. मला कोविड झाला तेव्हा रोज दाराशी जेवण ठेवून जायची. मुलं वाचनवेडी आणि मोठ्यांशी नीट बोलणारी आहेत.

आता तिने मला विचारलंय, आमच्या को-ऑपमध्ये आठवड्यातून एकदा गणित घेशील का? को-ऑप म्हणजे होमस्कूलवाली काही कुटुंबं चर्चच्या हॉलमध्ये जमतात आणि विषय वाटून घेतात. एक आई लॅटिन घेते, दुसरी निबंध. मी इंजिनिअर, म्हणून गणित माझ्या वाट्याला.

हो म्हणायच्या आधी कायदा वाचला. टेक्सासात होमस्कूल म्हणजे खाजगी शाळाच धरतात. लीपर विरुद्ध आर्लिंग्टन हा खटला १९८५ला दाखल झाला, १९८७ला पालकांच्या बाजूने निकाल लागला आणि १९९४ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व, एवढे पाच विषय प्रामाणिकपणे शिकवा, बस. नोंदणी नाही, परीक्षा नाही, आईवडील किती शिकलेत हेही कोणी विचारत नाही. विज्ञान तर यादीतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. काय शिकवायचं ते आईवडिलांनी ठरवावं. पण मूल शिकतंय का, धड आहे का, हे वर्षातून एकदा तरी घराबाहेरच्या माणसाने बघितलंच पाहिजे. शेजारणीला हे बोलले तर ती दुखावली. "आमच्यावर तुझा विश्वास नाही?" म्हणाली. विश्वास तिच्यावर आहेच, पण कायदा तिच्या एकटीसाठी नसतो.

अशी कुटुंबं जवळून पाहिलेल्यांनी लिहा. "अमेरिकन धर्मवेडे" असले शेरे कृपया नकोत. ही माझी शेजारीपाजारी माणसं आहेत.

केळफूल

विज्ञान यादीत नाही हे वाचून जाऊन तपासलं. खरंच नाही!

वाचतेय.

डोंबिवलीचा_बंड्या

पण मुळात ही मंडळी शाळेवर रुसली कधी? अमेरिकेत शाळा फुकट, बस दारात. आम्ही इथे नर्सरीच्या प्रवेशासाठी पहाटे रांगा लावतो.

पाटीपेन्सिल

बंड्या, रुसवा जुना आहे. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कच्या शाळांमधली सरकारी प्रार्थना घटनाबाह्य ठरवली आणि १९६३मध्ये शाळेत भक्तिभावाने होणारं बायबलवाचनही थांबवलं. पुढे उत्क्रांती आणि लैंगिक शिक्षण हे विषय पाठ्यक्रमात आले. 'आपल्या शाळेतून देवाला बाहेर काढलं' ही भावना सनातनी प्रोटेस्टंट घरांमध्ये तेव्हापासून रुजली.

गंमत म्हणजे होमस्कूलिंगची चळवळ त्यांनी सुरू केलेली नाही. सत्तरच्या दशकातलं ठळक नाव जॉन होल्ट यांचं. ते डाव्या विचारांचे, मुलांना मोकळं सोडा म्हणणारे. १९७७मध्ये त्यांनी या विषयाला वाहिलेलं पत्रक काढलं. दुसरीकडे रेमंड आणि डोरोथी मूर हे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट जोडपं, 'लहान मुलांना शाळेत घालायची घाई करू नका' म्हणणारं. जेम्स डॉब्सन यांनी त्यांना आपल्या ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमात बोलावलं आणि हा विचार एकदम लाखो धार्मिक घरांत पोचला.

तेव्हा अनेक राज्यांत हे बेकायदा होतं. पालकांना दंड झाले, काहींना तुरुंगही. म्हणून १९८३मध्ये मायकल फॅरिस आणि माइक स्मिथ या वकिलांनी होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन काढली. वर्गणी भरा, खटला आला तर आम्ही लढू, अशी योजना. १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं. जेमतेम दहा-बारा वर्षांत! १९९४मध्ये संसदेतल्या एका शिक्षण विधेयकातलं एक कलम आपल्यावर शेकेल असं वाटताच या लोकांनी इतके फोन केले की संसदेची टेलिफोन यंत्रणा कोलमडली. कलम गेलं, ४२४ विरुद्ध १ मतांनी.

वैदेही, तुझी शेजारीण 'वर्षातून एकदा' ऐकून का दुखावली ते इथे कळतं. तिच्या आईच्या पिढीने दारावर आलेला शाळा-अधिकारी पाहिलेला असू शकतो.

मळवाट

पाटीपेन्सिल, तुमच्या इतिहासातून एक गोष्ट सुटली. दक्षिणेत गोऱ्यांनी सरकारी शाळा सोडल्या त्या नुसत्या प्रार्थनेसाठी नाहीत. काळी मुलं त्याच वर्गात बसणार म्हटल्यावर ख्रिस्ती खाजगी शाळांचं पेवच फुटलं. होमस्कूलवाल्यांमध्ये ज्यांची पुस्तकं घरोघरी असतात त्या साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत वंशभेदी नियमांमुळे गेली आणि १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. आंतरवंशीय डेटिंगवरची बंदी त्यांनी उठवली २०००मध्ये!

पाटीपेन्सिल

खाजगी शाळांबाबत शंभर टक्के मान्य. पण आजच्या होमस्कूलिंगवर तोच शिक्का मारणं बरोबर नाही. २०२०च्या वसंतात जनगणना विभागाच्या पाहणीत ३.३ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबं होमस्कूलिंग करतो म्हणत होती. त्याच वर्षी शरदात तो आकडा १६.१ टक्क्यांवर गेला. साथ होती हे खरं, पण शाळेत आपल्या मुलाला मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून बाहेर पडलेलेही त्यात बरेच आहेत.

शलोमी

मी अशा कुटुंबांपैकीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१मध्ये काम सुरू केलं. आमच्या घराण्यात लिहिता-वाचता येऊ लागलं ते मिशनच्या शाळेमुळेच. आजोबा त्याच शाळेत मास्तर. त्यामुळे मी मुलांना शाळेतून काढलं तेव्हा माझ्या आईने फोनवर बोलणंच टाकलं होतं. "ज्या शाळेने आपल्याला माणसात आणलं, तिच्यातून लेकरं काढतेस?" हा तिचा प्रश्न आजही मला लागतो.

सध्या पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ आहोत. आमची मंडळी, म्हणजे चर्च, रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाची, बरीच कर्मठ. मुलांना शाळेतून का काढलं? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना शिकव असं सांगितलंय. आमच्या पाळकांनी त्यावर उपदेश केला आणि आम्हा नवरा-बायकोला तो पटला. भीतीपोटी काढलं नाही. मुलांसोबत दिवस घालवायचा होता.

आमच्याकडे सकाळी आधी शास्त्रपाठ आणि गीत, मग गणित. धाकटा क्लासिकल कन्व्हर्सेशन्स या होमस्कूलवाल्यांच्या वर्गाला जातो. हे लोक पाठांतरावर भर देतात. इतिहासाच्या घटना चालीवर म्हणायच्या, लॅटिनच्या विभक्त्या, पाढे. तो स्वयंपाकघरात गोल फिरत "उस्, ई, ओ, उम्" ओरडतो आणि माझ्या सासूबाई दुसऱ्या खोलीतून "रामः रामौ रामाः" म्हणून उत्तर देतात. (सासर देशस्थ, तो वेगळा धागा होईल.)

आता वैदेहीचा प्रश्न. पेन्सिल्व्हेनियाचा १९८८चा कायदा कडक आहे. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र शाळा-जिल्ह्याकडे द्यायचं. १८० दिवस, किंवा प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास शिकवायचं. विषयांची यादी आहे आणि विज्ञान तिच्यात आहे. तिसरी, पाचवी, आठवीला प्रमाणित परीक्षा. शिवाय वर्षाअखेर एक मूल्यमापक मुलाशी समोरासमोर बोलतो आणि वर्षभराच्या कामाची फाइल बघतो. २०१४पर्यंत ती फाइल शाळा-जिल्ह्यालाही दाखवावी लागे. आता मूल्यमापकाचा दाखला पुरतो.

याने माझ्या श्रद्धेला काडीचाही धक्का लागला नाही. आमची मूल्यमापक निवृत्त शिक्षिका आहे. मोठीच्या फाइलमधले अपूर्णांक बघून तिनेच सांगितलं की हिला छेद समान करायचं गणित कळलेलं नाही, ही पद्धत पाठ करून उत्तर काढतेय. रोज शेजारी बसून मला ते दिसलं नव्हतं. त्यामुळे देखरेख ही माझ्यासारख्या आईला मदतच आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या मंडळीत हे मत फार कमी जणांचं आहे, हेही सांगते.

केळफूल

शलोमी, सासूबाईंना साष्टांग!

वसईकर_पीटर

शलोमीताय, मस्त लिहिलंस. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे चर्चच्या अंगणातच शाळा, आणि फादरला चुकवून शाळा बुडवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. त्यामुळे 'ख्रिस्ती म्हणून शाळेत घालत नाही' हे ऐकून माझी माय चकितच झाली. इथे ख्रिस्ती म्हणजेच शाळा, असं गणित आहे.

अवांतर: अमेरिकेतल्या कॅथलिकांनी तर शाळेसाठीच कोर्ट गाठलं होतं ना? ओरेगॉनला?

पाटीपेन्सिल

बरोबर, पीटर. ओरेगॉनने सगळ्या मुलांना सरकारी शाळेत घालणं सक्तीचं केलं होतं. १९२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. तक्रारदार होत्या शाळा चालवणाऱ्या नन्स. मूल हे निव्वळ राज्याचं नाही, हा त्या निकालाचा गाभा. नंतर १९७२चा योडर खटला, विस्कॉन्सिनच्या आमिश पालकांचा. आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायची सक्ती धर्मस्वातंत्र्याच्या आड येते, असं न्यायालय म्हणालं. होमस्कूलवाले या दोन निकालांचा आधार कायम घेतात.

मळवाट

योडरमध्ये न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं होतं. मुलांना काय हवंय ते कोणी विचारलं का, हा त्यांचा सवाल होता. पन्नास वर्षं उलटली तरी अख्ख्या वादात तेवढंच मुलांच्या बाजूने बोललं गेलंय असं मला वाटतं.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. इथे हा प्रश्नच उद्भवत नाही. जर्मनीत मूल शाळेत गेलंच पाहिजे, घरी शिकवणं चालत नाही. शाळाच हवी ही सक्ती १९१९च्या वायमार घटनेपासूनची. 'हा हिटलरचा कायदा' असं अमेरिकन होमस्कूलवाले सारखं म्हणतात. १९३८मध्ये नाझींनी देशभर एकच कायदा आणून शिक्षा कडक केल्या हे खरं, पण मूळ त्याआधीचं आहे.

आमच्या जवळच्याच बिसिंगेन गावचं रोमाइके कुटुंब. इव्हँजेलिकल ख्रिस्ती. मुलांना घरी शिकवलं म्हणून दंड झाले, एकदा पोलिसांनी मुलांना घरातून उचलून शाळेत नेलं. २००८मध्ये ते टेनेसीला गेले आणि २०१०मध्ये तिथल्या इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांना चक्क राजकीय आश्रय दिला. वरच्या पायऱ्यांवर तो रद्द झाला. मार्च २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने कळवलं की राहा, तुम्हाला हाकलत नाही.

दुसरं कुटुंब डार्मश्टाटजवळचं, वुंडरलिश. २०१३मध्ये मुलांना काही आठवडे आईवडिलांपासून वेगळं ठेवलं. २०१९मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जर्मनीच्या बाजूने निकाल दिला. मुलांनी समाजात मिसळावं, धार्मिक बेटं तयार होऊ नयेत, अशी इथल्या न्यायालयांची भूमिका आहे.

माझी मुलं इथल्या शाळेत सुखी आहेत. पण सकाळी पोलीस येऊन मुलाला घरातून नेतात हे मला अजिबात पटत नाही. टेक्सास एका टोकाला, आम्ही दुसऱ्या.

डोंबिवलीचा_बंड्या

म्हणजे टेक्सास आणि श्टुटगार्टच्या बरोबर मध्ये लँकेस्टर! शलोमीताई जिंकल्या.

समुपदेशक_ह्यूस्टन

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांचा सल्लागार आहे. अनेक वर्षं होमस्कूल झालेली मुलं माझ्या टेबलापुढे बसतात. त्यांचे सरळ दोन गट पडतात आणि मधलं फार कमी दिसतं.

पहिला गट बघून हेवा वाटतो. सोळाव्या वर्षी येतात, स्वतःचं वेळापत्रक स्वतः आखतात, प्राध्यापकांना नीट ईमेल लिहितात. दुसऱ्या गटात वीस वर्षांची मुलगी येते आणि तिला टक्केवारी काढता येत नाही. घरात ती थोरली होती. बारा वर्षांची झाली तसं तिचं शिक्षण थांबलं, कारण पाठच्या भावंडांना तिलाच शिकवायचं होतं. सगळ्यात कर्मठ वर्तुळांत मुलीने लग्नापर्यंत वडिलांच्या छत्राखाली राहावं, कॉलेजची गरज नाही, अशी शिकवण नव्वदच्या दशकापासून जोरात होती. ती घेऊन वाढलेल्या बायका आज तिशी-चाळिशीत माझ्याकडे येतात. बुद्धी भरपूर, कागद एकही नाही.

कागदावरून आठवलं. जन्म घरी झालेला, दवाखाना नाही, शाळा नाही, त्यामुळे जन्मदाखला नाही, सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. अशा एका तरुणीने २०१५च्या सुमारास जाहीरपणे मदत मागितली आणि त्यातून टेक्सासात कायदा झाला. मुलाला स्वतःची ओळख सिद्ध करायला लागणारं प्रतिज्ञापत्र द्यायला आईवडिलांनी नकार दिला तर तो गुन्हा ठरतो.

वैदेही, तुमची शेजारीण पहिल्या गटातली दिसते. पण कायद्याला पहिला आणि दुसरा गट वेगळा दिसतच नाही, कारण तो बघतच नाही. मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

एकवीरा

समुपदेशक, तुमच्याकडे अडलेलेच जास्त येणार. होमस्कूलची मुलं परीक्षांत सरासरीच्या खूप वर असतात असे अभ्यास आहेत. २०००च्या राष्ट्रीय स्पेलिंग बीमध्ये पहिले तिन्ही होमस्कूलवाले होते. विजेता जॉर्ज अब्राहम थंपी, मिसुरीचा, आपल्या केरळी ख्रिस्ती घरातला. त्याच वर्षी भूगोलाच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो दुसरा आला. सरकारी शाळांतून नापास होणाऱ्यांचं काय? तिथे देखरेख असूनही मुलं वाचायला शिकत नाहीत, त्याचा जाब कोण विचारतं?

समुपदेशक_ह्यूस्टन

एकवीरा, शेवटचा प्रश्न रास्त आहे. पण निदान ती मुलं नापास झाल्याचं कळतं तरी.

अभ्यासांबद्दल सांगतो. सगळ्यात गाजलेला १९९८चा रडनर यांचा, वीस हजारांवर मुलांचा. परीक्षा घेतल्या बॉब जोन्सच्याच परीक्षा सेवेने, आणि भाग घेतला तो आपणहून परीक्षेला बसवणाऱ्या पालकांनी. मुलांची सरासरी उत्तम आली, पण यावरून होमस्कूलिंग शाळेपेक्षा सरस ठरत नाही, हे खुद्द रडनर यांनी लिहून ठेवलंय. ज्या राज्यात नोंदच नाही तिथे सगळ्या मुलांचा नमुना आणणार कुठून?

गोधडी

पुण्याहून विचारते. आमच्याही मनात आहे, कारण धार्मिक नाही, मुलाला शाळेचा फार त्रास होतो. भारतात कायद्यात बसतं का?

मळवाट

गोधडी, थोडक्यात. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. पुण्या-मुंबईत बरीच कुटुंबं घरी शिकवतात आणि पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देतात किंवा केंब्रिजच्या परीक्षेला खाजगीरीत्या बसतात. स्वशिक्षण नावाची होमस्कूलवाल्यांची संघटना आहे, त्यांच्याशी बोला. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, हा भरकटेल.

वेलदोडा

विज्ञानावर कोणीच बोललं नाही. अबेका किंवा बॉब जोन्स या ख्रिस्ती प्रकाशनांच्या पुस्तकांत पृथ्वी काही हजार वर्षांचीच असते. आमच्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर टेक्सासातच ग्लेन रोजला गेलो होतो. पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनोसॉरची पावलं उमटलेली आहेत, सुमारे ११.३ कोटी वर्षांपूर्वीची. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यात पाय घालून उभं राहता येतं, तीन बोटांचा ठसा स्पष्ट दिसतो. तिथून जवळच सृष्टिनिर्मितीवाद्यांचं संग्रहालय आहे. माणसाची आणि डायनोसॉरची पावलं शेजारी शेजारी सापडली, असं तिथे सांगतात. नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "अंकल, तुम्हाला कुठलं खरं वाटतं?" मी खडकाचे थर दाखवून जे माहीत होतं ते सांगितलं. त्याच्या वडिलांनी अडवलं नाही, तेही ऐकत उभे राहिले.

हे लिहितो अशासाठी की कर्मठ म्हणजे सगळे बंद दाराचे, असं नाही. पण त्या मुलाला हा प्रश्न विचारायला घराबाहेरचं कोणी भेटणं महत्त्वाचं, आणि ते नशिबावर सोडू नये.

शलोमी

वेलदोडा, आमच्या घरीही उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि भूविज्ञान दोन्ही शिकवतो. 'दिवस' म्हणजे चोवीस तासच का, यावर मुलं जेवताना भांडतात. मी दोन्ही बाजूंची पुस्तकं टेबलावर ठेवते. मंडळीत काहींना ते आवडत नाही.

आणखी एक. वर मुलींच्या शिक्षणाबद्दल वाचून झोप लागली नाही. पंडिता रमाबाईही घरीच शिकल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने तीर्थयात्रा करत फिरताना रमाबाईंना. म्हणजे घरी शिकून मुलगी एवढी मोठी होऊ शकते. त्याच रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावर १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन. ज्या बायकांना घरात कोणी शिकवत नव्हतं त्यांच्यासाठी घराबाहेर दार उघडलं. बायबलचं नाव घेऊन थोरल्या लेकीला बाराव्या वर्षी वहीपासून तोडणाऱ्यांना मी माझ्या श्रद्धेचे म्हणायला तयार नाही. बिल गॉथर्ड या ख्रिस्ती उपदेशकांची घरोघरी चालणारी शिकवण अशाच कह्यात ठेवणाऱ्या अधिकाराची होती. अनेक स्त्रियांनी लैंगिक छळाचे आरोप केल्यावर २०१४मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या घरांतल्या मुलींकडे बघायला आलं कोण?

केळफूल

+१००. शलोमी, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

एकवीरा

शलोमी, मुलींबद्दल तुमच्याशी सहमत. तरी सरकारला घरात घेण्याला माझा विरोध कायम आहे. २०२५मध्ये इलिनॉयमध्ये होमस्कूल नोंदणीचं विधेयक आलं तेव्हा हजारो कुटुंबं राजधानी स्प्रिंगफील्डला धडकली आणि ते बारगळलं. हे सगळे मुलांना छळणारे होते का? छळ शाळेत जाणाऱ्या मुलांचाही होतो. २०१८मध्ये कॅलिफोर्नियात पेरिस गावी आईवडिलांनी मुलांना डांबून ठेवलेलं ते भयंकर घर सापडलं, त्या आईवडिलांनी घर खाजगी शाळा म्हणून नोंदवलेलंच होतं. नोंदणीने काय थांबलं?

समुपदेशक_ह्यूस्टन

नोंदणी होती, पण बघायला कोणीच गेलं नाही. म्हणूनच नुसती नोंदणी पुरेशी नाही, मूल प्रत्यक्ष कोणीतरी बघितलं पाहिजे. कोएलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन ही संस्था २०१३मध्ये निघाली, ती होमस्कूल होऊन मोठ्या झालेल्यांनीच काढली. होमस्कूलिंग बंद करा असं ते म्हणत नाहीत. मुलाला त्याच्या हक्काचं शिक्षण आणि त्याच्याकडे बघणारा एक माणूस मिळू दे, एवढीच मागणी आहे. त्या घरांतून गेलेल्यांचं ऐकायचं नाही तर कोणाचं?

पाटीपेन्सिल

एकवीरा, नवी भानगड लक्षात घ्या. २०२५मध्ये टेक्सासने एक अब्ज डॉलरची शिक्षण-खाती योजना मंजूर केली. होमस्कूल करणाऱ्यालाही वर्षाला २,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात. यावरून होमस्कूलवाल्यांतच उभी फूट आहे. जुने लोक म्हणतात, सरकारचा पैसा आला की मागून अटी येणार, घेऊ नका. तरुण जोडप्यांना पुस्तकांचा खर्च परवडत नाही, ते घेणार. म्हणजे ज्या हिशेबाला कायदा चाळीस वर्षं हात लावत नव्हता तो आता पैशाच्या वाटेने येईल.

ॲडमिन

विषयाला धरून बोलावं. एक वैयक्तिक शेरा काढला आहे.

वैदेही_डॅलस

सगळ्यांचे आभार. धागा शेजारणीला वाचून दाखवला. इंग्रजी करून सांगताना दमछाक झाली. रमाबाईंबद्दल तिने बरंच विचारलं. पेन्सिल्व्हेनियाच्या मूल्यमापकाची गोष्ट तिला आवडली. "असं कोणी मी स्वतः निवडू शकले तर चालेल, सरकारने पाठवलेलं नको," म्हणाली. माझ्या मते कायद्यात ते असायलाच हवं. तिथे आमचं जमलं नाही आणि जमेल असं दिसत नाही.

को-ऑपमध्ये गणित घ्यायला हो म्हटलंय. एकच अट घातली: मुलं-मुली एकाच वर्गात, सगळ्यांना बीजगणितापर्यंत नेणार, मध्ये कोणाला घरकामासाठी उठवायचं नाही. एका वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण शेवटी मानलं.

तिची थोरली पंधरा वर्षांची आहे, तिला नर्स व्हायचंय. तिच्यासाठी काय काय करावं लागेल?

समुपदेशक_ह्यूस्टन

आत्ताच सुरुवात करा, वेळ आहे. टेक्सासात होमस्कूलची मुलं कम्युनिटी कॉलेजात ड्युअल क्रेडिट, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जाणारे विषय, घेऊ शकतात. त्यासाठी टीएसआय ही परीक्षा असते, त्यात बीजगणित येतं. आईला आजपासून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अभ्यासाची नोंद, लिहायला सांगा: विषय, पुस्तक, तास, गुण. बारावीनंतर आठवून लिहायला बसलं की फार हाल होतात. रसायनाची प्रयोगशाळा घरी होत नाही, तो विषय कॉलेजातच घेऊ द्या. आणि जन्मदाखला व सोशल सिक्युरिटी कार्ड आहे ना, हे आधी विचारा.

वैदेही_डॅलस

दोन्ही आहेत, विचारलं. बीजगणिताला पुस्तक कुठलं घेऊ? त्यांच्याकडे कपाटभर आहेत, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी.

शलोमी

सॅक्सन मालिकेतलं. अल्जेब्रा १ची तिसरी आवृत्ती बघून घे, चौथी नको. चौथीत भूमिती वेगळी काढलीय, तिसरीत ती बीजगणितातच येते. रोज एक धडा आणि तीस उदाहरणं, त्यात मागच्या धड्यांची उजळणी असतेच. नुसते सम किंवा नुसते विषम क्रमांक करून सोडून देऊ नकोस, सगळी करून घे. उत्तरांची वही मात्र तुझ्याकडे ठेव, मुलांकडे नको. माझ्याकडे मोठीची एक जादा प्रत आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव, सोमवारी टपालात टाकते.